इंजिन बदललं, पण कागदाचं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली, चाचांच्या गॅरेजमध्ये हाताखाली लागला आणि आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. हाताला ग्रीस, पण शर्ट इस्त्रीचा. मॅडमकडे जायचं म्हणून घातलेला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने चार-पाच कागद काढले आणि म्हणाला, "मॅडम, हे जरा वाचून सांगा. मराठीच आहे, पण कळत नाही."

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्याला मराठी मीच शिकवलंय. त्यामुळे "मराठीच आहे, पण कळत नाही" हे वाक्य मला आधी लागलं. मग कागद वाचला आणि माझंही तेच झालं. 'नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत', 'विनापरवानगी फेरबदल', 'उक्त वाहन'. बी.एड. झालेल्या बाईला ते दोनदा वाचावं लागलं.

प्रकरण असं होतं. एका गिऱ्हाईकाची जुनी जीप. इंजिन बसलेलं. कंपनीचं तसं इंजिन मिळत नव्हतं, मिळालं तर महाग. भंगार बाजारातून दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन आणलं. माझ्या विद्यार्थ्याने माउंटिंग नव्याने वेल्ड केलं, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट करून घेतली, रेडिएटर मोठा लावला. गाडी मस्त पळायला लागली. गिऱ्हाईक म्हणाला, "कागदाचं मी बघतो." हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीने कधी ना कधी ऐकलेलं आहे.

दीड वर्षाने गाडीची नोंदणी नूतनीकरणाला गेली. निरीक्षकाने इंजिनचा नंबर पाहिला, आरसीवरचा पाहिला. जुळेना. काम थांबलं. मालकाला नोटीस आली. इंजिन कुठून आलं याची चौकशी पोलिसांकडे गेली आणि मालकाने सरळ बोट दाखवलं, "मिस्त्रीने बसवलंय, त्याला विचारा." मिस्त्रीकडे काय होतं? भंगारवाल्याने वहीचं पान फाडून दिलेली कच्ची पावती. त्यावर रक्कम होती, इंजिन नंबर नव्हता, सही वाचता येत नव्हती.

"मॅडम, मी चोरी केली नाही. चांगलं काम केलं. मग मीच का फिरतोय?" त्याचा हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. म्हणून मी कायदा वाचायला बसले. भाषेची शिक्षिका आहे, वकील नाही. पण वाचल्यावर जे समजलं ते आपल्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यांना आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगावं असं वाटलं. त्यावर माझं मतही आहे, तेही सांगते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. आज त्याचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा: उत्पादकाने मुळात जो तपशील ठरवून दिला आहे, त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. 'फेरबदल' म्हणजे काय, तेही कलमातच सांगितलंय. गाडीच्या रचनेत असा बदल की ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं.

आता आपली आरसी काढून बघा. त्यावर चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, इंधन लिहिलेलं असतं, इंजिन किती सीसीचं आणि किती सिलिंडरचं तेही असतं. दुसऱ्या जातीचं इंजिन बसवलं की यातल्या एकदोन नाही, तीनचार रकान्यांतली माहिती एका झटक्यात खोटी ठरते. म्हणून नवं सीट कव्हर आणि नवं इंजिन यांत कायदा फरक करतो.

सोपं करून सांगायचं तर इंजिनच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच नावाने ओळखतो, तिथेच घोळ होतो.

पहिली गोष्ट, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन. जुनं गेलं, तसंच दुसरं बसवलं. याला वाट आहे. आरटीओची मंजुरी घ्यायची, इंजिनचं बिल आणि कागद दाखवायचे, गाडी तपासून घ्यायची आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही लागते. दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला अशा सारख्या इंजिनासाठी आधी मंजुरी न घेता बदल करण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, पण बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवणं त्यालाही चुकत नाही.

दुसरी गोष्ट, इंधन बदलणं. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किंवा एलपीजी, किंवा इंजिन काढून बॅटरीवर चालणारी मोटर. यालाही वाट आहे, पण ती मंजूर झालेल्या किटची वाट आहे. किटची चाचणी सरकारने नेमलेल्या संस्थेत झालेली असली पाहिजे, बसवणारा अधिकृत असला पाहिजे आणि बसवल्यावर आरसीवर नोंद झाली पाहिजे. या चाचणी संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी आपल्या पुण्यात आहेत आणि व्हीआरडीई अहिल्यानगरला. म्हणजे हे शास्त्र परदेशात शिकायला जावं लागेल असं नाही.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याच कंपनीचं किंवा दुसऱ्याच प्रकारचं इंजिन. माझ्या विद्यार्थ्याने केलं ते. याला आज सामान्य माणसासाठी वाट नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीसाठी दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मिस्त्री कुठे बसतो

इथपर्यंत वाचून गॅरेजवाला म्हणेल, बरं झालं, शिक्षा मालकाला आहे. तसं नाही. मला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला.

त्याच कलम १८२-अ मध्ये उत्पादक, आयातदार आणि 'डीलर' यांच्यासाठी वेगळी शिक्षा आहे. वाहनाची बांधणी, उपकरणं आणि देखभाल यांचे नियम कायद्याच्या सातव्या प्रकरणात आहेत. ते मोडतील अशी गाडी डीलरने विकली किंवा असा बदल करून दिला, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि डीलर म्हणजे काचेच्या शोरूममध्ये बसलेला माणूस, असं तुम्हाला वाटेल. कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणाराही डीलर आहे.

म्हणजे नाक्यावरचा, दोन पाने आणि एका जॅकवर संसार चालवणारा मिस्त्रीही कायद्याच्या भाषेत डीलर ठरू शकतो. मालकाला पाच हजार, याला एक लाख. त्याला हे कुणी सांगितलंय?

त्याच कलमात मिस्त्रीच्या उपयोगाची एक गोष्टही आहे. ही गाडी कोणत्या बाबतीत नियमात बसत नाही, हे आपण समोरच्याला त्या वेळी सांगितलं होतं असं सिद्ध करता आलं, तर दोषी धरलं जात नाही. सिद्ध करायचं म्हणजे तोंडी नाही. कागद हवा, सही हवी. तो कागद आपल्याकडे नसतो.

आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर वाहन कायदा बाजूलाच राहतो, सरळ फौजदारी प्रकरण होतं. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार तुम्ही ऐकला असेल. चोरीच्या गाड्यांचे पुर्जे तिथे विकले जातात म्हणून तो देशभर बदनाम झाला आणि २०२१ च्या शेवटी पोलिसांनी तो बंद पाडला. अशा बाजारात सगळेच चोर नसतात. पण पक्कं बिल नसलं की प्रामाणिक आणि चोर यांच्यातला फरक फक्त तोंडच्या शब्दावर उरतो आणि पोलीस ठाण्यात तोंडच्या शब्दाला किंमत नसते.

यात मालकांचाही वाटा आहे. गाडी मोडीत काढली की चौदा दिवसांत कळवून आरसी जमा करावी असा नियम आहे. किती जण करतात? गाडी भंगारात जाते, आरसी कपाटात राहते. रस्त्यावर ती गाडी मेलेली, कागदावर जिवंत. तिचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसतं आणि एक इंजिन दोन ठिकाणी दिसायला लागतं.

पूर्वी असं नव्हतं

माझ्या चाचांची वडापची जीप होती. कऱ्हाड-पाटण भागातल्या वाचकांना वडाप समजावून सांगायला नको. पेट्रोलची जीप. पेट्रोल परवडेना म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी हे घरोघरी चालायचं. जीपमध्ये, अॅम्बॅसॅडरमध्ये, फियाटमध्ये. आमच्या घरात त्या इंजिनाच्या आवाजावरून चाचा कुठल्या वळणावर आलेत ते कळायचं.

चाचा कमी शिकलेले होते, पण त्यांनी एक काम चोख केलं होतं. आरटीओला आधी अर्ज दिला होता आणि बदल आरसी बुकात लिहून घेतला होता. तेव्हा ते शक्य होतं. १९८८ चा कायदा आला तेव्हा कलम ५२ वेगळं होतं. आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल करायचा असेल तर आधी कळवा आणि मंजुरी घ्या, एवढीच अट होती. आरटीओने सात दिवसांत कळवायचं. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं!

आज हे वाचून हसू येईल. अर्ज केल्यावर सात दिवसांत उत्तर नाही म्हणजे होकार, असा सरकारी कायदा या देशात होता. २००० सालच्या दुरुस्तीने तो गेला आणि 'आधी विचारा'च्या जागी 'करू नका' आलं. ज्यांच्या जुन्या गाड्यांच्या आरसीवर त्या काळातली अशी नोंद आहे त्यांनी तो कागद दागिन्यासारखा जपावा. गाडी विकत घेणाऱ्यानेही आधी तो मागावा. इंजिन कधी बदललं आणि नोंद आहे का, हे दोन प्रश्न रंगापेक्षा महत्त्वाचे आहेत.

बंदीमागचं कारण खोटं नाही

आता माझ्या विद्यार्थ्याला आवडणार नाही ते लिहिते. कायद्याने दार बंद केलं त्याला कारण आहे.

मुंबईची काळी-पिवळी फियाट घ्या, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं. तिचे ब्रेक, स्प्रिंगा, स्टिअरिंग सगळं त्या इंजिनाच्या वजनाचा आणि ताकदीचा हिशेब करून केलेलं. तिच्यात जड डिझेल इंजिन घातलं तर पुढच्या चाकांवर भार वाढतो. दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं तर गाडी पळेल झकास, पण थांबणार कशी? थांबायला तेच जुने ब्रेक. उष्णता वाढते, वायरिंग जुनं, इंधनाची नळी कुठून तरी फिरवलेली. आग लागते ती अशा जोडकामात.

धुराचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा लागू आहे. जुन्या गाडीला ते लागू नाही हे खरं, पण तिच्यात कुठल्या काळातलं इंजिन येऊन बसलंय हे कुणी तपासलं नाही, तर धूर आपल्याच शाळेसमोर सोडला जाणार. माझ्या वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, मला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

विम्याचाही हिशेब आहे. खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. हजारपर्यंत एक, पंधराशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. पॉलिसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल, तर गाडी जळाली किंवा चोरीला गेली त्या दिवशी विमा कंपनी हात वर करायला मोकळी. विमा हा खरं सांगण्यावर उभा असलेला करार आहे. आपण महत्त्वाची गोष्ट लपवली की आपली बाजू लंगडी पडते.

उत्पादकांनीही जुन्या गाडीत नवं इंजिन घातलंच की, असं कुणी म्हणेल. घातलं. अॅम्बॅसॅडरला नव्वदच्या दशकात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं. प्रीमियरने ११८ एनई काढली तेव्हा तिच्यात निसानचं इंजिन होतं. पण ते कारखान्यात बसवलं, चाचणी घेऊन बसवलं आणि त्याच तपशिलाने गाडीची नोंदणी झाली. फरक इंजिनात नाही, तपासणीत आहे. माझं पुढचं म्हणणं याच मुद्द्यावर आहे.

मग माझं म्हणणं काय

बंदीचं कारण पटतं, पण नुसती बंदी पटत नाही. बंदीने इंजिन बदलणं थांबलेलं नाही, फक्त कागदावरून गायब झालंय. कुठल्याही मोठ्या गावात जुन्या जीपवाल्यांना विचारा. जे काम पूर्वी अर्ज देऊन उजेडात व्हायचं ते आता 'सेटिंग होईल' या भरवशावर होतं. सुरक्षितता वाढली नाही, तपासणी तेवढी संपली. आणि ज्याच्या हाताला ग्रीस आहे तो सापडतो.

ब्रिटनमध्ये इंजिन बदललं तर मालकाने वाहन नोंदणी विभागाला कळवायचं आणि कागदावर नोंद करून घ्यायची. फार मोठे बदल असतील तर गाडीची ओळखच पुन्हा ठरवली जाते. तिथे गाडी बदलण्याला गुन्हा मानत नाहीत, न सांगण्याला मानतात. आपल्याकडेही एकेका गाडीची तपासणी करून मंजुरी देण्याची व्यवस्था करता येईल. ब्रेक, वजन, धूर, वायरिंग तपासायचं, फी घ्यायची, पास किंवा नापास ठरवायचं. यासाठी कायदा नव्याने लिहायचीही गरज नाही. कलम ५२ मध्येच विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदलांचे निकष आणि अटी ठरवण्याचा अधिकारही दिलाय. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायचा तर नंतर मंजुरी घेण्याची सोय कायद्याने केलीच आहे. म्हणजे गरज पटली की दार उघडतं.

आणि ही गरज शौकिनांचीच नाही. पुणे-मुंबईतला एखादा हौशी माणूस जुन्या गाडीत ताकदवान इंजिन घालतो, तो वकील देऊ शकतो. पण घाटातल्या गावात दूध, ऊस, पोरं आणि पेशंट नेणारी जीप पंचवीस वर्षं जुनी असते. तिचं इंजिन कंपनी बनवत नाही. मालकाने काय करायचं? नवी गाडी घ्यायची म्हटलं तर पैसा नाही. जुनी ठेवायची म्हटलं तर पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फीच २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली. जुनी गाडी ठेवणं महाग करायचं, नवी घेणं परवडत नाही, आणि आहे ती चालती ठेवायला रीतसर वाट नाही. मग माणूस आडवाटेने जातो.

एक गंमतही सांगते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे जिच्यात गरिबाने चालती राहावी म्हणून दुसरं इंजिन घातलं, ती कितीही म्हातारी झाली तरी तिला या मानाचा हक्क सांगता येणार नाही.

दुसरं म्हणणं आपल्या लोकांशी आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की मुसलमानांचा मोठा वर्ग नोकरीत नाही, स्वयंरोजगारात आहे, आणि मोटार दुरुस्ती हे त्यातलं एक मोठं क्षेत्र आहे. आपल्याला त्याचा अभिमान आहे. उस्तादाच्या हातात जादू आहे असं आपण म्हणतो. पण त्या हाताला कागद लिहायला आपण शिकवलं नाही. उस्ताद शागिर्दाला टायमिंग शिकवतो, टॅपेट शिकवतो. बिल कसं घ्यायचं, गिऱ्हाईकाकडून लिहून कसं घ्यायचं हे शिकवत नाही. ते त्याला 'वकिली' वाटतं. आणि वेळ आली की पूर्ण मोहल्ला म्हणतो, आपला पोरगा म्हणून पकडला. कधी कधी ते खरंही असतं. पण आपल्या पिशवीत पक्का कागद असेल तर तसं म्हणायची वेळच कमी वेळा येईल.

तिसरं म्हणणं सरकारी भाषेशी आहे, आणि माझ्या स्वतःच्या वर्गाशीही. इंजिनच्या तीन प्रकारांपैकी कशाला परवानगी आहे, कोणते कागद लागतात, किती दिवसांत कळवायचं, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावता येणार नाही का? 'उक्त वाहनात विनापरवानगी फेरबदल' याऐवजी 'या गाडीचं इंजिन न विचारता बदललं आहे' असं लिहिलं तर कायद्याचा कुठला अपमान होतो? तसं लिहिलं असतं तर माझा विद्यार्थी मे महिन्याच्या उन्हात माझ्याकडे आला नसता. आणि मीही कबूल करते. पत्रलेखन शिकवताना मी वर्षानुवर्षं पोरांकडून रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार लिहून घेतली. जे पुढे गॅरेजमध्ये, दुकानात, गोडाऊनमध्ये जाणार आहेत त्यांच्याकडून एक पावती, एक संमतीपत्र कधी लिहून घेतलं नाही.

तोवर काय करायचं

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गॅरेजवाल्या भावांना आणि जुन्या गाडीच्या मालकांना एवढंच सांगणं.

काम हातात घेण्याआधी आरसी बघा. 'कागदाचं मी बघतो' म्हणणाऱ्याला सांगा, आधी बघून या. शक्य असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा, वेळ लागला तरी. इंजिन घेताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या. ते कुठल्या गाडीचं होतं, तिची नोंदणी रद्द झाली आहे का, ते विचारा. आता सरकारमान्य स्क्रॅप केंद्रं निघाली आहेत. त्यांना गाडी मोडण्याआधी ती चोरीची नाही ना, हे नोंदींमध्ये तपासावं लागतं. तिथला पुर्जा चार पैसे महाग पडेल, पण झोप स्वस्त मिळेल. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी दारात येऊ देऊ नका. बदल झाल्यावर आरसी आणि विमा दोन्हीवर नोंद करून घ्या. आणि गिऱ्हाईक नियमाबाहेरचं काम मागत असेल तर नाही म्हणा. नाही म्हणणंही कामच आहे.

माझ्या विद्यार्थ्याचं प्रकरण पुढे असं झालं. भंगारवाल्याला शोधून काढलं, त्याने दुसऱ्या वहीतून इंजिनचा माग दाखवला. चोरीचं नव्हतं. मोडीत निघालेल्या गाडीचं होतं, पण तिच्या मालकाने आरसी जमा केली नव्हती. पोलिसांचे हेलपाटे तीन महिन्यांनी थांबले. जीपमध्ये पुन्हा मूळ जातीचं इंजिन बसवावं लागलं. तो खर्च अर्धा गिऱ्हाईकाने केला, अर्धा याने सोसला. त्यात घरातला एक दागिना गेला, हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या अम्मीने सांगितलं.

नंतर तो एकदा आला आणि म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईकाकडून सही घ्यायला एक कागद लिहून द्या." मी म्हटलं, "मी नाही लिहून देणार. तू लिही, मी तपासते." पाऊण तास लागला. गाडीचा नंबर, जुना इंजिन नंबर, नवा इंजिन नंबर, बिल कुठलं, मंजुरी आहे का नाही, नियमात बसत नसेल तर काय बसत नाही, आणि खाली दोघांच्या सह्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. सगळ्या मी दुरुस्त केल्या नाहीत. अर्थ पक्का होता, तेवढं पुरे होतं.

आता त्या कागदाचं पॅड त्याच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेलं असतं, एका बाजूला मराठी, एका बाजूला उर्दू. काही गिऱ्हाइकं सही मागितली की दुसऱ्या गॅरेजला जातात. तो म्हणतो, "जाऊ दे मॅडम. गेलेलं गिऱ्हाईक परत येईल. अम्मीचा दागिना कुठून येणार?"